काजूची बी फोडण्यासाठी स्वयंचलित यंत्र घ्यावे का?

कुडाळचा कारखानदार:
सिंधुदुर्गातील लहान काजू कारखान्यांनी हातापायाने चालणारे कटर आता बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बी फोडायला माणसे मिळत नाहीत, आणि ज्या महिला येतात त्यांना नेमके बी बाजारात येते त्याच दिवसांत स्वतःच्या बागेत जावे लागते.

सावंतवाडीची बागायतदार:
मी असहमत आहे. यंत्राचे पाते ठरावीक आकाराला लावलेले असते. वेंगुर्ला-7 या सुधारित जातीची बी साधारण 10 ग्रॅमची, वेंगुर्ला-4 ची पावणेआठच्या आसपास आणि गावठी बहुधा त्याहून बारीक, आणि आपल्याकडे तिन्ही एकाच पोत्यात येतात. मोठ्या बीत पाते गरापर्यंत घुसते, बारीक बी न फुटताच पुढे सरकते. शंभर किलो बीमागे गर मिळतो तो पंचवीस-तीस किलो. त्यातल्या अखंड गराचे दोन भाग होऊन पाकळी झाली की दर उतरलाच. कटरवर बसलेली बाई बीचा बाक बोटांना लागताच ती वळवून धरते, ते यंत्र कसे करणार?

कुडाळचा कारखानदार:
ताई, हा दोष यंत्राचा नाही, आकारानुसार न चाळता बी ओतणाऱ्याचा आहे. शिवाय फोडण्याआधी बीला वाफ कमी लागली किंवा उकडलेले बी पुरेसे निवू दिले नाही, तर हाताच्या कटरवरही तुकडाच पडतो.

फोडणी कामगार, वेंगुर्ले:
हातांच्या कौशल्याचे कौतुक करणाऱ्यांनी ते हात एकदा पाहावेत. टरफलातील तेल दाहक असते. एरंडेल किंवा राख चोळूनही बोटे काळी पडतात आणि कातडी सोलवटते. तरीही यंत्राने आमची सुटका होते असे समजू नका. अर्धवट फुटलेल्या बीतला, टरफलाला चिकटून राहिलेला गर सुईने काढायला पुन्हा आम्हीच बसतो, आणि किलोवर मोजली जाणारी मजुरी त्या किचकट कामात आणखी कमी पडते. यंत्र घेणाऱ्यांनी आधी हातमोजे आणि त्या कामाचा वेगळा दर ठरवावा.

सावंतवाडीची बागायतदार:
मजुरीचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. चाळणीचा मात्र नाही. लहान कारखान्यातील दिवसभराचे बी चार आकारांत विभागले, तर एकेका आकाराचा ढीग पाती जुळवून होईपर्यंत संपेल. चार-पाच कारखान्यांनी मिळून एकच यंत्र घेतले आणि बी एकत्र चाळले, तरच हा खर्च परवडेल. पण आपल्याकडे शेजाऱ्याच्या पोत्यात आपले बी मिसळायला तयार कोण आहे?