कॉपीरायटिंग शिकायचंय, २५ हजाराचा कोर्स करू का?

अमळनेरची_पोर

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांबलाय, सांभाळून घ्या. मागच्या वर्षी बी.कॉम. झाले, सध्या अमळनेरलाच एका टॅक्सवाल्यांकडे दहा ते सहा जीएसटीची बिलं चढवते. काम वाईट नाही पण दिवसभर आकडे बघून डोकं पिकतं, मग रात्री रील बघता बघता ते कॉपीरायटिंगचं, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहायचं, सारखं दिसायला लागलं, घरबसल्या महिन्याला लाख वगैरे. ते लाखाचं मला पण खरं वाटत नाही, पण लिहायला आवडतं हे खरंय, कॉलेजचं भित्तिपत्रक तीन वर्षं मीच काढायचे. आता एक ऑनलाइन कोर्सवाला दोन महिन्यांचे २५ हजार मागतोय, "फक्त ४ सीट शिल्लक" असा मेसेज तीन आठवडे झाले रोज येतोय, सीट काही संपेनात. पप्पांना सांगितलं तर म्हणे कॉपीराइट म्हणजे वकिलाचं काम ना, तुला कोण देणार.

तर कोर्स करावा का? माझं इंग्रजी यथातथाच आहे, नुसत्या मराठीवर चालेल का? आणि नोकरी सांभाळून सुरुवात कुठून करू?

एक प्रयत्न केलाय, हसू नका. आमची मोठी माय बचत गटात बिबडे (ज्वारीचे, पापडासारखे) करते, तिच्यासाठी मागच्या उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपला हा मेसेज लिहिला होता:

"सर्वोत्तम दर्जाचे घरगुती, चविष्ट व पौष्टिक खान्देशी बिबडे मिळतील. शुगरवाल्यांसाठी रामबाण! शुद्धता हीच आमची ओळख. एकदा चाखाल तर पुन्हा पुन्हा मागाल. आजच संपर्क करा."

दोन ऑर्डरी आल्या, त्यातली एक मामीची.

धुळ्याचा_फ्लेक्सवाला

ताई, मामीची ऑर्डर पण ऑर्डरच असते 😄

माझं धुळ्यात फ्लेक्स आणि पत्रिकांचं दुकान आहे, १४ वर्षं झाली. खरं सांगतो, आपल्याकडे फ्लेक्सचा रेट स्क्वेअर फुटावर ठरतो, मजकुराचे पैसे कोणी देत नाही. गिऱ्हाईक येतं, खुर्ची ओढून बसतं आणि म्हणतं "तुम्हीच टाका काहीतरी चांगलं". मग मी गेल्या वेळचीच फाइल उघडतो आणि नाव बदलतो. शुद्धता हीच आमची ओळख हे मी डेअरीला दिलंय, तेलघाणीला दिलंय, एका पॅथॉलॉजी लॅबला पण दिलंय. त्यामुळे या भागात पोट भरेल का याबद्दल मला डाऊट आहे. नोकरी सोडू नका.

भुसावळ_टू_पुणे

भाऊंनी लॅबचं सांगितलं तेच माझं उत्तर आहे, जे वाक्य डेअरीला, तेलाला आणि लघवी तपासायच्या दुकानाला तिघांना चालतं ते बिबड्याला पण काही उपयोगाचं नाही.

मी मूळची भुसावळची, पुण्यात एजन्सीत कॉपीरायटर, नववं वर्ष. कोर्स करू नकोस असं मी सरसकट म्हणणार नाही, पण आत्ता नको. पहिल्या दिवशी ते एआयडीए शिकवतील, म्हणजे आधी लक्ष वेधा, मग रस, मग इच्छा, मग कृती. १८९८ च्या आसपासचा अमेरिकन फॉर्म्युला आहे, यूट्यूबवर दहा मिनिटांत फुकट समजतो. तो समजून पण लिहिता येत नाही हीच तर गंमत आहे. कारण लिहायच्या आधी जे करायचं असतं ते कोर्सवाला तुझ्यासाठी करू शकत नाही, ते म्हणजे माल बनवणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला विचारत बसणं.

अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी क्लॉड हॉपकिन्स नावाचा कॉपीरायटर होता, त्याला एका बिअर कंपनीची जाहिरात मिळाली. सगळेच "शुद्ध बिअर" लिहायचे. हा कारखान्यात गेला, बघितलं तर बाटल्या वाफेने धुतात, पाणी खोल विहिरीचं, आणि बरंच काही. तो म्हणाला हे का नाही सांगत? मालक म्हणाले त्यात काय, सगळेच असं करतात. हा म्हणाला पण सांगत कोणी नाही ना, आणि त्याने तेवढंच लिहिलं. तुझ्या मोठ्या मायचं पण तसंच आहे बघ. तिला वाटतं बिबडे असेच करतात, त्यात सांगायचं काय. पुण्यात वाढलेल्या माणसाला विचार, त्याला बिबडा म्हणजे पापडाचा भाऊ एवढंच माहीत असतं.

आता शुगरवाल्यांसाठी रामबाण हे आधी काढ. खाण्याच्या वस्तूने आजार बरा होतो असं जाहिरातीत लिहिता येत नाही, एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचे, २०१८ चे नियम आहेत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तळलेल्या बिबड्याला रामबाण म्हणणं म्हणजे...

माझी पण एक चूक सांगते म्हणजे तुला बरं वाटेल. पहिल्याच वर्षी एका सराफांचं पत्रक केलं होतं, मालक फोनवर घाईघाईत बोलले आणि मी लिहून मोकळी झाले, "घडणावळीवर ५० टक्के सूट". त्यांना म्हणायचं होतं फक्त चांदीच्या वस्तूंवर. रविवारी दुकानात बायका पत्रक हातात घेऊन उभ्या, मालकांचा फोन, आणि मी घाम पुसत होते. तेव्हापासून प्रत्येक क्लायंटला एकच प्रश्न तीन वेळा विचारते, लोकांना वेडी वाटले तरी चालेल.

मराठीवर चालेल का? अगं मराठी हीच तुझी जमेची बाजू आहे. मोठ्या कंपन्यांच्या मराठी जाहिराती बऱ्याचदा इंग्रजी किंवा हिंदीवरून ओढूनताणून केलेल्या असतात, "आता मिळवा चमकदार त्वचा अगदी सहजपणे" असं घरात कोण बोलतं? बोलल्यासारखं मराठी लिहिणारी माणसं लागतातच. इंग्रजी ब्रीफ, म्हणजे क्लायंट काय हवंय ते लिहून देतो तो कागद, वाचता येईल एवढं मात्र कर.

आणि सवय म्हणून रोज रात्री रील ऐवजी मेटाची (फेसबुक-इन्स्टावाल्यांची) अ‍ॅड लायब्ररी उघड, फुकट आहे, भारत निवडून शब्द टाकला की चालू जाहिराती दिसतात, कधीपासून चालू आहे ती तारीखपण. जी चार-पाच महिने चालू आहे तिच्यावर कोणीतरी उगाच पैसे जाळत नसणार, ती वहीत उतरवून काढ आणि बघ पहिलं वाक्य काय करतंय.

रावेरचा_केळीवाला

हे सगळं आता एआय फुकट लिहून देतं, पोरीला कशाला नादी लावता.

भुसावळ_टू_पुणे

देतं ना दादा, मी पण वापरते. पण त्याला बिबड्यावर लिही म्हटलं तर "खान्देशची अस्सल चव आता तुमच्या घरी" असंच काहीतरी येतं, म्हणजे आपल्या फ्लेक्सवाल्या भाऊंची जुनी फाइल. मोठ्या मायच्या गच्चीवर काय चालतं ते त्याला कोण सांगणार? तुमचंच बघा, जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तुमच्या बॉक्सवर काय छापलंय?

रावेरचा_केळीवाला

"सुपर क्वालिटी" 😐

अमळनेरची_पोर

काल रविवार होता, वही घेऊन मोठ्या मायजवळ बसले. आधी ती म्हणे तुला काय येड लागलं का. पण घाटा (बिबड्याचं शिजवलेलं पीठ) हलवता हलवता बोलत गेली आणि मी लिहीत गेले. ज्वारी तीन दिवस भिजवते, मग उपसून सुकवून दळून आणते, घाटा चुलीवरच शिजवते, गॅसवर तळाला लागतो म्हणे. लसूण, जिरं, तीळ, तिखट घालून मग गच्चीवर ओल्या धोतरावर थापायचे, पहाटे पाचला बसतात कारण नऊनंतर पाय भाजतात. गटातल्या पाच जणी, उन्हाळाभर मिळून साठ किलोच्या वर होतच नाहीत.

मी विचारलं लोक काय म्हणतात गं, तर तिने वर न बघताच सांगितलं, "तयाना पहिलेच पोरे कच्चाच खाई टाकतस." मी तिथंच पेन खाली ठेवलं. आता हे बघा:

"तळायच्या आधीच पोरं कच्चे खाऊन टाकतात, म्हणून डबा वरच्या फळीवर ठेवा.
तीन दिवस भिजवलेली ज्वारी, चुलीवरचा घाटा, पहाटे पाचला गच्चीवर थापलेले बिबडे. अत्यंत चविष्ट व पौष्टिक. पाच बायका, उन्हाळाभरात साठ किलो, त्यानंतर पुढच्या वर्षी. किलो ३२० रुपये. किती हवेत ते याच नंबरवर लिहा."

हाच एसएमएसने पण पाठवू का? गावात बऱ्याच म्हाताऱ्यांकडे साधे फोन आहेत.

भुसावळ_टू_पुणे

वा गं. "अत्यंत चविष्ट व पौष्टिक" कुठून घुसलं परत? काढ. आणि साठ किलो हे खरं आहे म्हणून चालतंय, उद्या कोणी विचारलं तर गच्ची दाखवता येईल. तुझ्या कोर्सवाल्याच्या चार सीट आणि हे साठ किलो यात फरक तोच.

एसएमएसला जपून. इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला फक्त ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, जागा सगळं वेगवेगळं मोजलं जातं. हा मजकूर चार-पाच मेसेजचे पैसे खाईल. ७० मध्ये बसवून दाखव, हाच तुझा या आठवड्याचा गृहपाठ. गुगलच्या जाहिरातीत तर एका हेडलाइनला ३० च मिळतात, तेव्हा आत्ताच सवय लाव.

अमळनेरची_पोर

"बिबडे तयार. ६० किलोच. किलो ३२० रु. पोरांपासून लपवून ठेवा." बसलं! तीन वेळा मोजलं.

धुळ्याचा_फ्लेक्सवाला

ताई, दोन किलो लिहा. आणि माझ्या दुकानाचा बोर्ड १४ वर्षांत बदललेला नाही, एकदा बघायला या, मजकुराचे वेगळे पैसे देईन. स्क्वेअर फुटाने नाही.

रावेरचा_केळीवाला

बॉक्सचं पण बोलायचं होतं, मेसेज टाकला आहे.