कादंबरी: सगळं कोसळल्यावर 15 वर्षांनी जीप सुरू होईल का?

शाईदौत: मसुद्यात वीज, सरकार, बाजार बंद पडून 15 वर्षं झालीत. आई आणि मुलगी पडक्या गॅरेजमधली जीप सुरू करून नदीपलीकडे जातात. पेट्रोल सीलबंद पिंपातलं. तिकडे जुन्या गोदामातला मका पेरतात. जाणकार वाचकाला हे पटेल का?

पाना_पक्कड: जीप नाही पटणार. पेट्रोल वर्षभरात खराब व्हायला लागतं. हलके घटक उडतात, उरलेल्याचा डिंकासारखा चिकटा होऊन कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल हवेत सोडणारी बारीक भोकं, बुजतात. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावा ओढतं आणि पाण्याचा थर तळाशी बसतो. इंजिनाला पहिल्यांदा तोच मिळतो. बॅटरी तर त्याआधीच गेलेली असेल, कारण नुसती पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट चढतं.

गाडी हवीच असेल तर लाकडाच्या गॅसवर चालवा. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लाखो वाहनं अशी चालत होती. बंद टाकीत लाकूड अपुऱ्या हवेत जाळायचं, निघालेला वायू थंड करून, गाळून इंजिनात सोडायचा. एक लिटर पेट्रोलच्या जागी अडीच-तीन किलो लाकूड लागतं, ताकदही बरीच कमी मिळते. लाकडात 20 टक्क्यांहून जास्त ओल असली की डांबर सुटतं आणि व्हॉल्व्ह अडकतात. ठिणगीसाठी मॅग्नेटोचं (बॅटरीशिवाय, फिरण्यातूनच ठिणगीची वीज तयार करणारं), हँडल मारून सुरू होणारं इंजिन घ्या. गॅरेजचं दार मात्र उघडं हवं! त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, बंद जागेत माणूस दगावतो.

बीजकोश: मक्याचं त्याहून अवघड. दमट गोदामात 15 वर्षांत बी मरतं. ढोबळ हिशेब असा: बियाण्यातली ओल एक टक्क्याने किंवा तापमान पाचेक अंशांनी उतरलं, की आयुष्य दुप्पट. त्यातून ते संकरित निघालं तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. परागीभवन वाऱ्याने होतं, म्हणून मका एका ओळीत न लावता चौकोनी वाफ्यात लावतात, आणि बी किमान शंभरेक झाडांचं राखावं लागतं. थोडक्या झाडांवर भागवलं तर काही पिढ्यांत वाण खुरटतो. वाटाणा स्वपरागित आहे, त्याचं दहा-वीस झाडांवरही निभतं.

म्हणजे 15 वर्षांनी उगवणारा मका कुणीतरी अधूनमधून पेरून, बी बदलत जपलेला असणार. माझ्या मते तुमची खरी गोष्ट तिथे आहे. नदीपलीकडे गोदामाऐवजी ती माणसं ठेवा.

शाईदौत: गोदाम काढलं. जीप लाकडावर. मुलीने तुकडे केवढे फोडायचे?

पाना_पक्कड: मुठीएवढे, शक्यतो सारखे. भुसा किंवा बारीक ढलप्या घातल्या तर हवा कोंडते. लांब फाटे आडवे अडकून मध्ये पोकळी राहते आणि आच तुटते. तेव्हा आईला उतरून सळईने ढोसावं लागेल. हे प्रवासात दोन-तीनदा तरी येऊ द्या.