उदाहरणवाक्येही तपासायला हवीत
शब्दकोशातील व्याख्यांकडे चिकित्सक नजरेने पाहायला मुलांना शिकवावे का, अशी चर्चा सुरू आहे. व्याख्येवर शंका घ्यायला शिकवले तर मुलांना भाषेत भरवशाचे काहीच उरणार नाही, हा त्यातील एक आक्षेप मला अर्धाच पटतो. शुद्धलेखनासाठी कोशावर विसंबणे योग्यच आहे. मात्र व्याख्या माणसेच लिहितात आणि त्यांचे पूर्वग्रह तिच्यात उतरतात. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या इंग्रजी कोशात ‘ओट्स’ची व्याख्या करताना, हे धान्य इंग्लंडमध्ये सहसा घोड्यांना देतात, पण स्कॉटलंडमध्ये माणसे त्यावर जगतात, असा टोमणा मारला होता. (असा जुना, दूरचा पक्षपात मुलांच्या चटकन लक्षात येतो.)

चर्चेचा सगळा भर व्याख्यांवर राहिला आहे. शब्दाचा वापर दाखवण्यासाठी कोशात दिलेल्या उदाहरणवाक्यांकडे कोणी वळलेले नाही. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या ऑनलाइन कोशावर टीका झाली, ती ‘रॅबिड’ या विशेषणाच्या अर्थावरून नव्हे, तर त्याखाली ‘माथेफिरू स्त्रीवादी’ अशा आशयाचे उदाहरण दिल्यामुळे. म्हणून मुलांना कोशाची दोन-चार पाने देऊन, या वाक्यांत निर्णय कोण घेते, घर कोण सांभाळते, रडते कोण, एवढेच शोधायला सांगावे; व्याख्येवर वाद घालण्यापेक्षा हे सोपे आहे आणि त्यातून पुराव्यानिशी बोलण्याची सवयही लागते. फक्त ‘हा शब्दच कोशातून काढा’ या मागणीपर्यंत त्यांना नेऊ नये, कारण अपमानकारक शब्दही वापरात असेल तर कोशात हवाच. त्याच्यापुढे तशी सूचना छापली आहे की नाही, हे मात्र त्यांनी जरूर पाहावे.