लाइट गेली का रेकॉर्डिंगमंधी चर्रचर्र, लाइट आली का भुंऽऽ. काय करू?

खंजिरीवाला_आर्वी
राजेहो, मदत पाह्यजे. गावच्या मंडळाची खंजिरी भजनं रेकॉर्ड करून रायलो. लॅपटॉपवर रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपले जोडाचा डबा), एक कंडेन्सर माइक, बस. चार-पाच ट्रॅक होईपर्यंत मस्त चालते अन् मंग मधातच टक् टक् चर्र सुरू होते, कधी येते कधी येत नाही, अन् कधी खालून भुंऽऽ असं चालूच राह्यते. केबल बदलून पाह्यली, तेच. दुकानदार म्हणे इंटरफेस नवा घ्या. बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा घेते तो) ६४ वर ठेवला हाये, काहून का आवाज उशिरा आला तं बुवा तालच सोडून देतेत. लाइट गेल्यावर चर्रचर्र जास्त होते असं मले वाटते पण घरचे म्हणतेत लॅपटॉप बॅटरीवर चालते, लाइटीचा काय संबंध.

डबलबेस_यवतमाळ
नवा इंटरफेस बिलकुल घेऊ नको भाऊ. हे दोन आजार हायेत, तू एकच समजून रायला. चर्रचर्र कॉम्प्युटरची, भुंऽऽ लाइटीचं.
आधी चर्रचर्र पाहू. गाणं रेंडर करून (सारे ट्रॅक मिळून एक फाइल बनवून) ती फाइल मोबाइलवर ऐक. फाइल साफ असली तं रेकॉर्डिंग चांगलं हाये, फक्त वाजवतानी प्रोसेसर मागं पडून रायला. फाइलीतही असंन तं त्या जागी वेव्ह मोठी करून पाह्य, रेघ मधातच तुटलेली दिसंन.
अन् घरच्याइले सांग, संबंध हाये. लाइट गेली का विंडोज बॅटरी वाचवाले प्रोसेसरचा स्पीड कमी करते. सेकंदाले ४४१०० सॅम्पल (आवाजाचे नमुने) असतेत, तं ६४ सॅम्पल म्हणजे दीड मिलिसेकंदही नाही, तेवढ्यात सारे प्लगइन (इफेक्टचे छोटे प्रोग्राम) चालून आवाज तयार व्हाले पाह्यजे, नाही झाला तं तिथं खड्डा पडते, तोच तुझा टक्. पॉवर मोडमंधी बॅटरीसाठीही बेस्ट परफॉर्मन्स कर, वायफाय बंद कर, अन् ड्रायव्हर इंटरफेसवाल्या कंपनीचाच एएसआयओ (आवाज कमी उशिरानं पोचवणारा) लाव.
बुवाचा प्रश्न बफरनं सोडवू नको. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटन असंन, ते दाबलं का माइकचा आवाज कॉम्प्युटरमंधून न जाता सरळ हेडफोनमंधी येते. रीपरमंधी त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेव नाहीतं दोनदा ऐकू येईन. मंग बफर ५१२ कर, साडेअकरा मिलिसेकंद होते, बुवाले समजणारही नाही.

नागपूरची_मिक्सर
वरचं सगळं बरोबर. माझा एक प्रश्न, लॅपटॉप कुठे ठेवता? फॅनचा आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, बाहेर ४४-४५ डिग्री आणि लॅपटॉप गादीवर, असं असेल तर खालची जाळी दाबली जाऊन तो तापतो आणि तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, मग चार-पाच ट्रॅकनंतरच त्रास का सुरू होतो तेही समजतं. पाटावर ठेवा. तरीही आलं तर लेटन्सीमॉन हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवून बघा, कुठला ड्रायव्हर अडवतोय त्याचं नावच दाखवतं, बऱ्याचदा वायफायचा किंवा बॅटरीचा निघतो. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) शेवटी लावा, रेकॉर्डिंग करताना कशाला हवा.

खंजिरीवाला_आर्वी
गादीवरच होता ना ताई 😅 आता पाटावर घेतला, डायरेक्ट मॉनिटर अन् ५१२ केलं, काल लाइट नव्हती तरी चर्रचर्र नाही. भुंऽऽ मात्र हाये, फक्त चार्जर लावल्यावर. अन् माइकच्या जाळीले हात लावला का झिणझिण होते.

जुना_वायरमन
झिणझिण होते म्हणजे अर्थिंग नाही बापू. अशा चार्जरमंधी लाइटीचा थोडासा करंट कपॅसिटरमंधून बाहेर येते, त्याले जमिनीत जायचा रस्ता नसला तं तो लॅपटॉपच्या बॉडीवर बसते, तिथून यूएसबीनं इंटरफेसमंधी अन् माइकमंधी. तेच भुंऽऽ. एक्स्टेन्शन बोर्ड खोलून पाह्य, पण पिन काढून. लय बोर्डाइले भोकं तीन असतेत अन् आत वायर दोनच.
बोर्ड ठीक असला तं अर्थिंगचा खड्डा पाह्य. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडला का अर्थिंग नावालाच राह्यते. आमी तं मोटरपंपाच्या खड्ड्यातही एप्रिलपासून पाणी टाकतो. पाणी टाकूनही फरक नाही पडला तं वायरमनकडून टेस्ट करून घे, सोता फेजशी खेळू नको. अन् कोणी म्हणंन का चार्जरची तिसरी पिन तोडली का आवाज जाते, तं जाईनही, पण तोडू नको, फॉल्ट आला का माइक धरणाऱ्याले बसंन.

खंजिरीवाला_आर्वी
बोर्ड खोलला काका, दोनच वायर. नवा बोर्ड उद्या बजारातून आणतो. तोपर्यंत लॅपटॉप फुल चार्ज करून, चार्जर काढूनच दोन भजनं उरकवून घेतो, बुवाले परवा लग्नाले जायचं हाये.

डबलबेस_यवतमाळ
पॉवर मोड तेवढा पाह्यजो, चार्जर काढला का बॅटरीवाली सेटिंग लागते.