मदत हवी आहे: कोलंबिया गॉर्जमधल्या इतिहासाच्या पाट्या, बाबांना काय दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला राहते. पुढच्या महिन्यात आईबाबा साताऱ्याहून येताहेत. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. अजूनही कुठल्या गडावर गेले की आधी शिलालेखापाशी थांबतात, दरीकडे मग बघतात. गॉर्जसाठी, म्हणजे कोलंबिया नदीच्या खोल दरीसाठी, दोन दिवस काढलेत. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ नको. गाडीतून उतरून शंभर-दोनशे पावलं चालतील.

व्हिस्टा हाउस, मल्टनोमा धबधबा (आईसाठी!) आणि बॉनव्हिल धरणात काचेतून दिसणारे, पायऱ्या चढणारे मासे एवढं ठरलंय. १९१३ ते १९२२ या काळात बांधलेल्या जुन्या रस्त्याने जाऊ, त्याचे दगडी कठडे बाबा हात लावून बघतील. यात मदत नकोय.

अडलंय ते सिलायलोपाशी. मी गॉर्जमध्ये वाचलेल्या बऱ्याच पाट्या ल्युइस आणि क्लार्क हे अमेरिकन शोधप्रवासी १८०५ मध्ये इथून गेले, यावर आहेत. पण त्याआधी हजारो वर्षं इथले मूळ रहिवासी नदीवरच्या सिलायलोच्या धबधब्यावर लाकडी माच्या बांधून जाळ्यांनी सामन मासे धरत होते. १० मार्च १९५७ ला द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. बाबांचं गाव कोयनेच्या जलाशयात गेलं तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. गावच्या देवळाबद्दल ते कधी आपणहून बोलत नाहीत. सिलायलोची गोष्ट फोनवर सांगितली, तर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तिथे मला ने."

तिथे थांबून वाचण्यासारखं काय आहे? आणि हमरस्त्यापलीकडे सिलायलो गाव आहे, तिथे आजही लोक राहतात. आपण सरळ आत जाणं बरं दिसेल का?

दुसरं, गॉर्जमधलंच ब्रायडल व्हेल. १९१३ च्या सुमारास तिथल्या लाकूडगिरणीत पंजाबी मजूर कामाला होते आणि ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या गदर चळवळीच्या सुरुवातीच्या सभा अशाच गिरण्यांच्या वस्त्यांत झाल्या. गदरच्या उभारणीत आपले वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे होते, ते इथेच कॉर्व्हॅलिसला शेतकी शिकले. मी तिथून दोनदा गेले, त्या मजुरांबद्दल एक ओळही दिसली नाही. माझ्या नजरेतून सुटली का?

प्रतिसाद: काठावरचा

ताई, सिलायलोला नक्की न्या. आय-८४ महामार्गावर ९७ नंबरचं एक्झिट, द डॅल्सच्या पुढे साधारण बारा मैल. उद्यान अगदी नदीकाठी आहे, चढ नाही. तिथे फक्त सपाट पाणी दिसतं, हे बाबांना आधी सांगून ठेवा. ध्वनिलहरींच्या यंत्राने (सोनार) पाण्याखाली पाहणी केली तेव्हा धबधब्याचा खडक खाली शाबूत सापडला, हेही सांगा. गावात मात्र बोलावल्याशिवाय फिरू नका. एप्रिलमध्ये पहिल्या सामनचा उत्सव असतो, तेव्हा पाहुणे येतात, एरवी ती त्यांची घरं आहेत.

आधी द डॅल्सचं डिस्कव्हरी सेंटर बघा. बसायला जागा आहे, आणि काय बुडालं ते कळल्यावर ते पाणी वेगळं दिसतं. परतताना कॅस्केड लॉक्सला ब्रिज ऑफ द गॉड्सपाशी थांबा. हंगामात तिथे मूळ रहिवासी कोळी ताजा सामन विकतात. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५ च्या करारांनी राखलेला मासेमारीचा हक्क ते आजही बजावतात. बाबांना त्यांच्याशी बोलता आलं, तर कुठल्याही पाटीपेक्षा ते मोलाचं.

गदरची पाटी अस्टोरियाला आहे, नदीच्या मुखाशी. चळवळीच्या शताब्दीला, २०१३ मध्ये लावली. पोर्टलंडहून दोन तास, गॉर्जच्या उलट दिशेला.

धागाकर्ती

मनापासून आभार! मग पहिल्याच दिवशी, बाबा ताजेतवाने असताना, सिलायलो. बाकीचं परतीच्या वाटेवर. सामनसाठी बर्फाची पेटी घेते. अस्टोरियासाठी तिसरा दिवस काढते, खानखोजेंचं नाव ऐकून बाबा नाही म्हणणार नाहीत.

ब्रायडल व्हेलच्या गिरणीतल्या मजुरांबद्दल कुणी काही वाचलं किंवा ऐकलं असेल, तर अजूनही लिहा. आम्ही १४ तारखेला निघतोय.