प्रति: उन्हाळा लागला की व्यायाम सुटतो

"एप्रिल लागला की फिरणं बंद पडतं," असं वर तुम्ही लिहिलंय. जळगावात पारा ४२-४४ वर गेल्यावर ते होणारच, त्यात तुमचा आळस नाही. वेळ बदला. पहाटेच मेहरुण तलावावर या. तुम्ही चार दिवस दिसला नाहीत की रोजचे चालणारे काका-काकू पाचव्या दिवशी हमखास विचारतात, "काय हो, तब्येत बरी ना?" माणूस अंथरुणातून उठतो तो या विचारपुशीसाठी, जिमची फी भरली म्हणून नाही.

आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरीच बैठका मारा, भिंतीला हात टेकून जोर काढा. बैठका मात्र टाळू नका. वयासोबत मांड्यांची ताकद घटतेच. सोमवारी येताय का?