कमी पैशांतले विनोदी झॉम्बीपट : काय आवडलं, कुठे कंटाळलात? (अनुभव धागा)

पाचवी रांग
काल भाचीचा फोन. "मामा, रविवारी मोकळा आहेस का? आमच्या फिल्ममध्ये मरायचंय." कॉलेजातली मुलं मिळून झॉम्बींची विनोदी शॉर्टफिल्म करतायत. लगेच हो म्हटलं. फोन ठेवला आणि 'ब्रेनडेड' आठवला. दादाने कुणाकडून तरी आणलेली कॅसेट, घरातले झोपल्यावर आवाज अगदी बारीक करून बघितलेली. पीटर जॅक्सनचा न्यूझीलंडमधला १९९२ चा सिनेमा. शेवटी नायक गवत कापायचं यंत्र छातीशी धरून झॉम्बींनी खच्चून भरलेल्या घरात शिरतो. मी उशीत तोंड खुपसून हसत होतो आणि पोटात ढवळतही होतं. किळस आणि हसू एकाच वेळी येऊ शकतं हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर या प्रकारातलं मिळेल ते बघत आलो. खूप सिनेमे वाईट निघाले. सुरुवात झकास, मग सगळी पात्रं एका घरात कोंडून घेतात आणि बोलत बसतात, बोलत बसतात. तरी नवा दिसला की बघतोच. चार मित्र, एक कॅमेरा आणि डबाभर लाल रंग एवढ्यावर माणसं सिनेमा करायला निघतात याचं मला मनापासून कौतुक आहे.

तुमचे अनुभव लिहा. आवडलेलं, न आवडलेलं, सगळं. भाचीला वाचायला देणार आहे.

निळी छत्री
कस्टर्डमध्ये कान पडतो तो प्रसंग!!! तो कसा विसरलात. बाळ उठलंय, नंतर लिहिते

रात्रपाळी
मी झॉम्बी झालेलो आहे. मित्राच्या डिप्लोमा फिल्ममध्ये. कुणी सांगत नाही ते सांगतो, या कामात नव्वद टक्के वेळ नुसतं बसून राहायचं असतं. पहाटे तोंडाला रंग फासला, माझा शॉट दुपार उलटून गेल्यावर. तोवर रंग सुकून तडकलेला, हसलो की पापुद्रे पडत होते. रक्त म्हणजे कॉर्न सिरप आणि खायचा लाल रंग. गोड असतं त्यामुळे मुंग्या. मेलेल्या माणसाने हलायचं नाही आणि कानात मुंगी!

दिग्दर्शक म्हणाला डावा पाय ओढत चाला. झाले, सगळेच डावा पाय ओढायला लागले, कवायत चाललीय असं वाटत होतं. मग त्याने प्रत्येकाला वेगळं सांगितलं. तुझी मान मोडलीय. तू मेलास तेव्हा बस पकडायला धावत होतास. तू पोस्टमन होतास, अजून दारं शोधतोयस. तिथून फिल्म एकदम सुधारली. पाचवी रांग, भाचीला हे नक्की सांगा. प्रत्येक झॉम्बी मरायच्या आधी कोण होता ते ठरवून टाका. खर्च शून्य, आणि हसू तिथूनच येतं.

पाचवी रांग
@रात्रपाळी पोस्टमन फारच आवडला. सांगतो. चेहऱ्याला कुठला रंग लावला होता?

रात्रपाळी
राखाडी. पण कॅमेऱ्यात निळा दिसला सगळ्यांचा. नंतर वाचलं की १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्येही असंच झालं होतं. मेकअप करणाऱ्या टॉम सॅव्हिनीने झॉम्बी राखाडी रंगवले आणि पडद्यावर बरेच जण निळसर आले. आधी त्याच उजेडात, त्याच कॅमेऱ्यावर चाचणी घ्या. मगच सगळ्यांना रंगवायला बसा.

कात्री
संकलन आणि ध्वनी हे माझं रोजचं काम, म्हणून थोडं मोठं लिहितोय.

कमी पैशांत चित्र कसंही आलं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. फोकस गेला, उजेड कमी पडला, रक्त गुलाबी दिसलं, काही बिघडत नाही, उलट त्यात एक गोडवा असतो. आवाज वाईट असेल तर मात्र प्रेक्षक दहा मिनिटांत उठतो, आणि का उठलो हे त्यालाही सांगता येत नाही. विनोद असला तर हे दुप्पट खरं. विनोदी वाक्यातला शेवटचा शब्द ऐकू आला नाही की सगळी मेहनत पाण्यात. असे कितीतरी सिनेमे माझ्याकडे येतात. मेकअपवर महिना घालवलेला, आणि संवाद कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतलेले. मागे पंखा घरघरतोय, पात्र काय म्हणतंय कळत नाही.

दुसरी गोष्ट, लांबी. ज्यांनी शूट केलं तेच कापायला बसतात आणि त्यांना प्रत्येक शॉटमागचे कष्ट आठवत असतात. गल्लीतून येणारे झॉम्बी दोन मिनिटं येतच राहतात, कारण तेवढे लोक जमवायला जीव गेला होता. मी समजू शकतो हो. पण प्रेक्षकाला ते कष्ट दिसत नाहीत, त्याला फक्त गल्ली दिसते. बाहेरच्या एखाद्याला कापायला द्या. पंधरा मिनिटांची फिल्म नऊवर आली तर रडू नका.

आणि हाडं मोडल्याचा आवाज ताजी सेलरी (कुरकुरीत देठांची भाजी) मोडून काढतात. कोबीही चालतो. माइक अगदी जवळ ठेवायचा.

मधली सुट्टी
सेलरी 😂 आता मला तेच ऐकू येणार प्रत्येक वेळी

तिसरा मजला
मला झॉम्बी बघवत नाहीत. रक्त दिसलं की डोळे मिटते. धागा मात्र सगळा वाचतेय, लिहीत राहा.

जुनी रीळ
रक्तावरून आठवलं. १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' कृष्णधवल होता, त्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप चाललं. एक लाख डॉलरहून थोड्या जास्त पैशांत झालेला सिनेमा. त्याचं आधीचं नाव वेगळं होतं. वितरकाने ते बदलताना शीर्षकाची पाटी नवी केली आणि जुन्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ नव्या पाटीवर आलीच नाही. अमेरिकेत तेव्हा ती ओळ असणं कायद्याने गरजेचं होतं. सिनेमा सगळ्यांसाठी खुला झाला, दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि मंडळींना त्याचे हक्काचे पैसे मिळाले नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

पण म्हणूनच पुढच्या कितीतरी गरीब सिनेमांत कोपऱ्यातल्या टीव्हीवर हाच सिनेमा चालू असतो. फुकट दाखवता येतो! सगळ्या पोरांना बापाचा फोटो भिंतीवर लावायची मुभा मिळाली.

मधली सुट्टी
अरे हो की. टीव्हीवर तोच असतो नेहमी. कारण आज कळलं.

परतीची गाडी
'वन कट ऑफ द डेड' कुणी लिहिला नाही अजून?? जपानी, २०१७. शिनइचिरो उएदा. अभिनयाच्या कार्यशाळेतले नवखे कलाकार आणि सुमारे ३० लाख येन. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट, त्यात एक टोळकं झॉम्बीपट करतंय आणि खरे झॉम्बी येतात. ती ३७ मिनिटं जरा कच्ची वाटतात. नको तिथे लोक गप्प उभे राहतात, कॅमेरा मधेच जमिनीवर पडून राहतो, एक बाई विनाकारण किंचाळत सुटते. माझा भाऊ म्हणाला बंद कर, काय लावलंयस. मी म्हटलं थांब. शेवटी तोच डोळे पुसत होता आणि हसतही होता. पुढचं सांगणार नाही.

निळी छत्री
आले परत. @परतीची गाडी यापुढे एक शब्दही लिहू नका प्लीज, मी आज रात्री बघणार आहे

परतीची गाडी
नाही लिहीत. फक्त ३७ मिनिटं धीर धरा. आधी दोन-तीन छोट्या थिएटरांत लागला होता, एकाने दुसऱ्याला सांगत देशभर पसरला आणि खर्चाच्या हजारपटीहून जास्त कमाई केली. कच्चेपणाच त्याची ताकद आहे, पण तो कच्चेपणा किती काळजीपूर्वक बसवलाय ते दुसऱ्यांदा बघताना कळतं.

ओली वाट
'शॉन ऑफ द डेड' बद्दल लिहायचं होतं. तो तसा अगदी गरीब सिनेमा नाही, पण मला दुसरं काही लिहिता येणार नाही.

आई गेली त्या वर्षी मला कुठलाच सिनेमा बघवत नव्हता. घरच्यांनी हलकंफुलकं म्हणून हा लावला. शॉनची आई कुणाला त्रास नको म्हणून झॉम्बी चावल्याचं लपवून ठेवते. माझ्या आईने दुखणं असंच लपवलं होतं, आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तो प्रसंग आला आणि मी घरातून बाहेर निघून गेले. मग परत येऊन उरलेला बघितला. कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी मोठ्याने हसले, रडून झाल्यावर.

त्यामुळे कुणी "काय ते झॉम्बी" म्हणालं की मी वाद घालते. ज्या माणसावर जीव आहे तो समोर उभा आहे आणि आता तो आपला राहिलेला नाही, ही गोष्ट इतक्या सरळपणे दुसरीकडे कुठे दाखवतात? वाईट झॉम्बीपटांत मला हेच खुपतं. बायको झॉम्बी होते, नवरा तिच्या डोक्यात फावडं घालतो आणि पुढच्याच वाक्याला विनोद. एक क्षणसुद्धा थांबत नाहीत. थांबायला तर पैसे लागत नाहीत ना.

तिसरा मजला
ताई 🙏 वाचून गलबलून आलं.

पाचवी रांग
ओली वाट, काय लिहू कळत नाही. हे लिहिलंत, फार बरं केलंत. भाचीला तुमचं हे आधी वाचायला देतो.

रात्रपाळी
माझ्या मावशीनेही असंच लपवलं होतं. काळजी घ्या ताई.

उलटा पंखा
शॉन सकाळी डुलत डुलत दुकानात जाऊन येतो, सगळीकडे नासधूस झालेली, त्याला पत्ताच नाही. आदल्या दिवशीही त्याच रस्त्याने तसाच गेलेला असतो. मी रोज कामाला तसाच जातो, त्यामुळे फार जवळचा वाटतो तो सीन.

माझ्या तक्रारी. १) चावलंय ते लपवणारा माणूस. ओली वाट यांनी लिहिलं तिथे त्याला अर्थ आहे, पण बाकी निम्म्या सिनेमांत कथा पुढे सरकत नाही म्हणून तो आणतात. २) बायकांना काम काय, तर किंचाळणं. ३) जाड्या मित्राच्या अंगावरून विनोद. हसूच येत नाही आता. यातलं काहीही पैशांअभावी झालेलं नाही, विचार केलेला नाही म्हणून झालंय.

गार वारा
आपल्या भाषेत 'झोंबिवली' आला २०२२ ला, आदित्य सरपोतदारचा. हिंदीत त्याआधी २०१३ ला 'गो गोवा गॉन'. मराठीत झॉम्बी बघताना पहिल्यांदा मला सबटायटल वाचावं न लागता हसता आलं. विनोद कानावर पडायच्या आधी डोळ्यांनी वाचला की निम्मा वाया जातो. अजून यायला हवेत, छोटे, कमी पैशांतलेही.

मधली सुट्टी
+१

निळी छत्री
एक विचारायचं राहिलं, मुलाच्या नाटकात खोटं रक्त वापरलं, शर्टचे डाग जात नाहीयेत. काही उपाय?

रात्रपाळी
गरम पाणी अजिबात नको. आधी गार पाण्यात भिजवा, मग भांडी घासायचा लिक्विड साबण चोळा. पुढच्या वेळी रक्त कालवतानाच त्यात तो साबण थोडा घाला, डाग बराच सहज निघतो. पण ते रक्त तोंडात जाऊ द्यायचं नाही.

निळी छत्री
करून बघते, थँक्यू!!

जुनी रीळ
भाचीसाठी अजून एक. 'कॉलिन', २००८, ब्रिटिश. दिग्दर्शक मार्क प्राइस खर्च ४५ पौंड सांगतो. विनोदी नाही, उदास आहे, पण सगळी गोष्ट झॉम्बीच्याच बाजूने सांगितलीय. साध्या कॅमकॉर्डरवर, ओळखीपाळखीचे लोक गोळा करून. २००९ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या फिल्म बाजारापर्यंत पोचला. आणि ज्यांच्यामुळे हा धागा निघाला त्या जॅक्सनने पहिला सिनेमा 'बॅड टेस्ट' (१९८७) चार वर्षं शनिवार-रविवारी मित्रांबरोबर केला. मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले होते.

परतीची गाडी
त्या आईला पुरस्कार द्या

कात्री
मला एक विचारायचंय सगळ्यांना. पळणारे झॉम्बी आवडतात की रेंगाळणारे?

उलटा पंखा
रेंगाळणारे. पळायला लागले की विनोदाला वेळच राहत नाही.

गार वारा
असं काही नाही. १९८५ च्या 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'मधले पळतात, बोलतात, अँब्युलन्सच्या वायरलेसवरून आणखी माणसं पाठवा असं सांगतात. जाम हसलेय मी.

कात्री
तो अपवादच आहे, मान्य. पण कमी पैशांत पळणारे झेपत नाहीत. कुणी पडतं, कुणाला लागतं, कॅमेरा मागे राहतो, आणि गर्दी जास्त लागते कारण पळताना प्रत्येक जण क्षणात चौकटीबाहेर जातो. रेंगाळणारे असले की दहा जणांत भागतं. कॅमेऱ्यासमोरून जायचं, मागून वळसा घालून शर्ट बदलून परत यायचं. मी एका फिल्मवर काम करताना एकाच माणसाला एका शॉटमध्ये तीनदा जाताना पकडलं होतं. सुंदर चालायचा तो, म्हणून ठेवला तसाच.

मधली सुट्टी
आता शर्टांकडे बघत सगळे सिनेमे परत बघणं आलं

रात्रपाळी
बुटांकडे बघा. शर्ट बदलतात, बूट तेच असतात.